रशियन रुबल ओळखायचा तर आधी कड वाचा

रशियाचा शेवटचा झार निकोलस दुसरा, त्याच्या शेवटच्या वर्षांतलं वीस कोपेकचं (कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग) नाणं पहिल्यांदा हाती येतं, तेव्हा नजर गरुडाच्या पायाशी अडकते. तिथे इंग्रजीतल्या ‘बी’ आणि ‘सी’सारखी दोन बारीक अक्षरं असतात. ‘हे इसवी सनापूर्वीचं आहे का?’ असं मला कितीतरी जणांनी अगदी मनापासून विचारलं आहे. लिपी परकी असली की असं होणारच. रशियन लिपीत ‘बी’सारखं दिसणारं अक्षर म्हणजे ‘व’ आणि ‘सी’सारखं दिसणारं म्हणजे ‘स’. ‘व. स.’ म्हणजे विक्टर स्मिर्नोव्ह. १९१३ ते १९१७ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत नाणी पाडण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. कस कमी भरला किंवा वजन घटलं, तर जाब कोणाला विचारायचा, हे नाण्यावरच लिहून ठेवलेलं असे.

रशियन साम्राज्याची चांदीची नाणी मला आवडतात ती याचसाठी. त्यांच्यात चांदी किती, ती कुठे पडली, कोणाच्या देखरेखीखाली पडली, हे सगळं ती स्वतःच सांगतात. मोठ्या नाण्यांवर हा मजकूर बहुधा कडेवर असतो. आपण राजाचा चेहरा बघतो, गरुड बघतो, साल वाचतो आणि नाणं खाली ठेवतो. कड बघायची राहून जाते. माझं सांगणं उलट आहे: रुबल हातात घेतला की आधी तो उभा धरा, उजेडात सावकाश फिरवा आणि कडेवरची अक्षरं शोधा.

अठरा ग्रॅमचा हिशेब

१८८६ ते १९१५ या काळातल्या रुबलच्या कडेवर एक ओळ कोरलेली असते. तिचा अर्थ: ‘शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या’. त्यापुढे कंसात टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं.

आपल्याकडे जसे तोळा, मासा, गुंज, तशी ही जुन्या रशियाची सराफी मापं. एका रशियन पौंडाचे (सुमारे ४०९.५ ग्रॅम) ९६ झोलोत्निक आणि एका झोलोत्निकच्या ९६ दोल्या. म्हणजे एक झोलोत्निक साधारण ४.२७ ग्रॅमचा आणि एक दोल्या ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाहून थोडी लहान. आता कडेवरच्या ओळीचा हिशेब करा. चार झोलोत्निकचे १७.०६ ग्रॅम, २१ दोल्यांचे ०.९३ ग्रॅम, बेरीज जवळजवळ बरोबर १८ ग्रॅम.

हा १८ चा आकडा लक्षात ठेवा. कॅथरिन दुसरीच्या १७६० च्या दशकापासून १९१५ पर्यंत, मधला एक छोटासा अपवाद सोडला तर, चांदीच्या रुबलमधली शुद्ध चांदी १८ ग्रॅमच राहिली. राजे बदलले, छाप बदलली, नाण्याचं एकूण वजनही बदललं. बदलत होतं ते हीण, म्हणजे चांदीत मिसळलेलं तांबं.

तुलनेसाठी आपला जुना कलदार रुपया घेऊ. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. नुसत्या चांदीचा विचार केला तर एका रुबलमध्ये जवळजवळ एक रुपया अकरा आण्यांची चांदी होती. नावं ऐकायला सारखी वाटत असली तरी रुपया आणि रुबल यांचं नातं नाही. रुपया आला ‘रूप्य’ या चांदीच्या संस्कृत नावावरून. रुबलचं मूळ ‘तोडणे, छाटणे’ या अर्थाच्या रशियन क्रियापदात सांगतात, कारण नोव्गोरोद या जुन्या रशियन शहरात रुबल म्हणजे चांदीच्या लगडीचा तुकडा होता.

वजनावरून काळ कसा ओळखायचा, ते बघू. पहिला पीटर, ज्याला पीटर द ग्रेट म्हणतात, त्याने १७०४ मध्ये चांदीचा रुबल नियमितपणे पाडायला सुरुवात केली आणि एका रुबलचे शंभर कोपेक ठरवले. दशमान चलन आणणारा हा युरोपातला पहिला देश. आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे झाले ते १९५७ मध्ये. पीटरचा रुबल युरोपात चालणाऱ्या थालर नाण्याच्या तोडीचा होता, साधारण २८ ग्रॅमचा. अनेक सुरुवातीचे रुबल तर परदेशी थालरवरच नवी छाप मारून केलेले आहेत आणि त्यांतल्या काहींवर खालच्या जुन्या छापेच्या रेषा अजून दिसतात. पीटरच्याच काळात कस उतरत गेला. १७३१ पासून वजन साधारण २५.८५ ग्रॅम झालं आणि कस ९६ पैकी ७७. कॅथरिन दुसरीने २४ ग्रॅमचा रुबल आणला, कस ९६ पैकी ७२, म्हणजे बरोबर तीन चतुर्थांश. २४ चे तीन चतुर्थांश १८. तिचा मुलगा पॉल गादीवर आल्यावर त्याने १७९७ मध्ये २९ ग्रॅमहून जड रुबल काढून पाहिला. ते काही महिन्यांतच सोडून द्यावं लागलं. हाच तो अपवाद. त्यानंतर ठरलेलं २०.७३ ग्रॅम वजन आणि ९६ पैकी ८३ पूर्णांक एक तृतीयांश कस १८८५ पर्यंत टिकले. १८८६ पासून २० ग्रॅम आणि हजारी ९०० चा कस. हिशेब करून बघा, शुद्ध चांदी पुन्हा १८.

म्हणून माझी पहिली सूचना पुस्तकाची नसून काट्याची आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. रुबल २४ च्या आसपास भरला तर कॅथरिनकडे बघा, पावणेएकवीसच्या जवळ भरला तर एकोणिसाव्या शतकात, वीसच्या जवळ भरला तर शेवटच्या दोन झारांकडे. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणारच.

९६ ची ही मोजणी एकदा समजली की आणखी एक कोडं सुटतं. जुन्या रशियन चांदीच्या चमच्यांवर आणि पेल्यांवर ‘८४’ असा आकडा ठोकलेला असतो. ते साल नाही. ९६ पैकी ८४ भाग चांदी, आपल्या आजच्या भाषेत ८७५ चा कस.

हीणकस चिल्लर

मराठीत ‘हीणकस’ हा शब्द आपण माणसांनाही लावतो, पण तो मुळात सराफकट्ट्यावरचा. रशियाची छोटी चांदीची नाणी त्याच्या मूळ अर्थाने हीणकस आहेत. १८६० मध्ये ५, १०, १५ आणि २० कोपेकच्या नाण्यांचा कस उतरवून तीन चतुर्थांश केला आणि १८६७ पासून तो निम्मा झाला. अर्धी चांदी, अर्धं तांबं.

यामागचं कारण साधं आहे. चिल्लरीतली चांदी तिच्या छापील किमतीच्या जवळपास असली, की चांदीचा भाव वाढताच लोक ती वितळवतात किंवा देशाबाहेर पाठवतात. मग बाजारात सुट्ट्यांची ओरड होते. हीण वाढवलं की वितळवण्यात फायदा उरत नाही.

ओळखण्यासाठी यातलं गणित फार सोयीचं आहे. १८६७ नंतरच्या या चिल्लरीत दर कोपेकला ०.१८ ग्रॅम वजन धरलेलं आहे. पाच कोपेक ०.९ ग्रॅम, दहा १.८, पंधरा २.७, वीस ३.६. वीस कोपेकची पाच नाणी एकत्र ठेवली की एक रुबल होतो आणि त्यांचं वजन १८ ग्रॅम भरतं, पण त्यातली चांदी फक्त ९ ग्रॅम. रुबल मोडून चिल्लर घेतली की अर्धी चांदी सरकारकडे राहायची. उलट १८८६ नंतरचे २५ कोपेक, ५० कोपेक आणि रुबल हे चांगल्या कसाचे: अनुक्रमे ५, १० आणि २० ग्रॅम. ‘रशियाची चांदी’ म्हणून कोणी मूठभर नाणी समोर टाकली तर मी आधी या दोन ढिगांत ती वेगळी करतो, कारण धातू म्हणून त्यांची किंमत मुळातच निराळी आहे.

आपल्या चवली-पावली-अधेलीसारखी त्यांचीही बोलीतली नावं आहेत. अधेलीला पोल्तिना किंवा पोल्तिन्निक म्हणतात, ‘पोल’ म्हणजे अर्धा. दहा कोपेकचं ग्रिवेन्निक, विसाचं द्वुग्रिवेन्नी. पंधरा कोपेकचं नाव मला सगळ्यांत गोड वाटतं: प्यातिआल्तिन्नी, म्हणजे पाच आल्तिन. आल्तिन हा तीन कोपेकचा जुना हिशेब आणि शब्द तातारांकडून आलेला. कोपेक हे नावसुद्धा ‘कोप्यो’, म्हणजे भाला, या शब्दावरून सांगतात. १५३५ च्या सुधारणेनंतरच्या चिमुकल्या नाण्यांवर भालाधारी घोडेस्वार होता. ती नाणी चांदीच्या तारेचे तुकडे चपटे करून पाडलेली असत आणि दिसायला माशाच्या खवल्यांसारखी. पीटरच्या काळापर्यंत ती चालू होती.

अक्षरं वाचायला शिका

रशियन भाषा येण्याची गरज नाही. दहा-बारा अक्षरं ओळखता आली तरी बरंच काम होतं. अडचण एवढीच, की यातली काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात. ‘पी’ दिसलं तर तो ‘र’, ‘एच’ दिसलं तर तो ‘न’. दाराच्या चौकटीसारखं अक्षर म्हणजे ‘प’. उलट्या ‘एल’सारखं म्हणजे ‘ग’. इंग्रजी सहाच्या आकड्यासारखं म्हणजे ‘ब’. वर्तुळातून उभी रेघ गेलेली असेल तर ‘फ’.

आता गरुडाखाली ‘सी’, चौकट आणि सहाचा आकडा अशी तीन अक्षरं दिसली तर ती वाचा ‘स-प-ब’: सेंट पीटर्सबर्ग. ही टांकसाळ पीटरने १७२४ मध्ये पीटर आणि पॉल किल्ल्यात सुरू केली आणि ती आजही तिथेच आहे. अठराव्या शतकातल्या रुबलवर मॉस्कोचीही खूण सापडते. एकोणिसाव्या शतकात चांदीचं जवळजवळ सगळं काम पीटर्सबर्गला होत होतं. वॉर्सा हा ठळक अपवाद. पोलंड झारच्या ताब्यात असताना १८३० च्या दशकात तिथे दुहेरी किमतीची नाणी निघाली, त्यांवर रशियन आणि पोलिश दोन्ही आकडे आहेत: दीड रुबल म्हणजे दहा झ्लोती, पाऊण रुबल म्हणजे पाच झ्लोती. दीड रुबलचं नाणं ३१.१ ग्रॅमचं आहे. हातात घेतल्यावर त्याचा भार चांगलाच जाणवतो.

अधिकाऱ्यांची आद्याक्षरं तारखेची उलटतपासणी करायला उपयोगी पडतात. ‘अ. ग.’ म्हणजे अपोलोन ग्रासगोफ, अलेक्झांडर तिसऱ्याच्या आणि निकोलस दुसऱ्याच्या सुरुवातीच्या वर्षांतला, १८९९ पर्यंत. ‘ए. ब.’ म्हणजे एलिकुम बाबायान्त्स, १८९९ ते १९१३. त्यानंतर स्मिर्नोव्हची ‘व. स.’ समोर १९०८ साल आणि कडेवर ‘अ. ग.’ असा जोड दिसला तर ते नाणं टांकसाळीतून आलेलं नाही. असे बेमेळ जोड बाजारात खरोखर सापडतात. नक्कल करणारा समोरचा भाग जिवापाड जपून उतरवतो आणि कड दुसऱ्याच नाण्याची लावून देतो.

काही रुबलच्या कडेवर आद्याक्षरांच्या जागी चांदणी असते. ती खोट नाही. १८९० च्या दशकात अर्थमंत्री सर्गेई विट्टे याने रशियाला सुवर्णमानावर आणलं आणि छोट्या कागदी नोटांच्या जागी बाजारात भरपूर चांदी ओतायची ठरवली. पीटर्सबर्गची टांकसाळ एकटी पुरी पडेना. मग काम पॅरिस आणि ब्रुसेल्सला दिलं. एक चांदणी असेल तर पॅरिस, दोन असतील तर ब्रुसेल्स. म्हणजे रशियाच्या झारचा चेहरा असलेला रुबल बेल्जियममध्ये पडला आहे, हे फक्त कड बघणाऱ्यालाच कळतं.

शेवटच्या वर्षांची गोष्ट खूण नसण्यातून ओळखायची. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, जर्मन वाटणारं ‘पीटर्सबर्ग’ हे नाव बदलून राजधानीचं ‘पेत्रोग्राद’ झालं आणि १९१५ पासून चिल्लरीवरून ‘स-प-ब’ गेलं, फक्त ‘व. स.’ उरलं. युद्धात लोकांनी चांदी दडवली. सुट्ट्यांची इतकी टंचाई झाली की सरकारने जाड कागदावर टपाल तिकिटांची चित्रं छापून ती पैसे म्हणून चालवली. १९१६ मध्ये दहा आणि पंधरा कोपेकची काही नाणी जपानमध्ये ओसाकाच्या टांकसाळीत पाडून आणली. ती ओळखायची कशी? गरुडाखाली एकही अक्षर नाही. १९१६ साल आणि गरुडाखाली जागा रिकामी दिसली, की समजा ते नाणं समुद्र ओलांडून रशियात आलं.

पीटरच्या सुरुवातीच्या रुबलवर साल वाचताना मात्र सगळेच अडखळतात, कारण तिथे आकडेच नाहीत. जुन्या स्लाव्हिक पद्धतीने साल अक्षरांत लिहिलेलं आहे. एक युक्ती सांगतो. त्रिशूळासारखं अक्षर शोधा, ते ७००. त्याच्या आधीचा ‘अ’ म्हणजे एक हजार आणि नंतरची अक्षरं म्हणजे उरलेली वर्षं. आपल्या ओळखीचे आकडे रुबलवर १७२२ च्या सुमारास आले.

चेहरा असलेले आणि नसलेले

पीटरपासून कॅथरिन दुसरीपर्यंतच्या रुबलवर राज्यकर्त्याचा चेहरा आहे. पॉलने तो काढून टाकला आणि त्या जागी बायबलमधल्या स्तोत्राची ओळ घातली: ‘आम्हाला नको, आम्हाला नको, तुझ्या नावाला’. त्यानंतर पहिला अलेक्झांडर, पहिला निकोलस आणि दुसरा अलेक्झांडर या तिघांच्याही नेहमीच्या रुबलवर चेहरा नाही, दुतोंडी गरुड आणि मजकूर आहे. चेहरा परत आला १८८६ मध्ये, तिसऱ्या अलेक्झांडरबरोबर. दाढीवाला तिसरा अलेक्झांडर आपल्या उजवीकडे बघतो, त्याचा मुलगा दुसरा निकोलस डावीकडे. चेहरा नसलेल्या काळात गरुडावरून काळ कळतो: १८२६ ते १८३१ च्या रुबलवर त्याचे पंख खाली झुकलेले आहेत, पुढच्या वर्षापासून वर उचललेले.

दोन चेहऱ्यांविषयी थांबून सांगायला हवं. पहिला सहाव्या इव्हानचा. १७४० मध्ये तो बादशहा झाला तेव्हा दोन-अडीच महिन्यांचं तान्हं बाळ होता. वर्षभरानंतर पीटरची मुलगी एलिझाबेथ हिने सत्ता घेतली आणि त्याच्या नावाची नाणी परत मागवून वितळवायला लावली. त्या बाळाचा चेहरा असलेला रुबल आज हाती असणं म्हणजे कोणीतरी तेव्हा हुकूम मोडून तो दडवला असणार.

दुसरा चेहरा कधीच राजा न झालेल्या माणसाचा. १८२५ च्या शेवटी पहिला अलेक्झांडर तागानरोगला वारला. वारस म्हणून सगळे त्याचा भाऊ कॉन्स्टंटिन याच्याकडे बघत होते. तो वॉर्साला होता आणि त्याने गादीवरचा हक्क आधीच गुपचूप सोडून दिला होता. टांकसाळीला हे माहीत नव्हतं. तिथे घाईने त्याच्या चेहऱ्याचे ठसे तयार झाले, नमुन्याची मोजकीच नाणी पडली. मग खरी बातमी आली. धाकटा निकोलस गादीवर बसला, राजधानीत लष्करी अधिकाऱ्यांचा उठाव झाला आणि ती नाणी, ठशांसकट, अर्थखात्यात कुलूपबंद झाली. कित्येक वर्षं त्यांचा उल्लेखही होत नव्हता.

त्यातलं एक नाणं ज्यांच्याकडे आलं त्यांत ग्रँड ड्यूक गिओर्गी मिखाइलोविच होता. निकोलस पहिल्याचा हा नातू रशियन नाण्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक. टांकसाळ हौशी श्रीमंतांसाठी जुन्या वर्षांची नाणी नव्याने पाडून द्यायची. त्यांना ‘नोवोदेल’ म्हणतात. त्याच्या प्रयत्नाने १८९० मध्ये ती पद्धत बंद झाली. १९१९ च्या जानेवारीत बोल्शेविकांनी त्याला गोळ्या घातल्या, त्याच पीटर आणि पॉल किल्ल्यात. ज्या टांकसाळीच्या नाण्यांवर त्याने आयुष्य घालवलं, ती त्या भिंतींच्या आतच होती. हे मला वाचल्यापासून विसरता आलेलं नाही. त्याचा संग्रह रशियाबाहेर नेला गेला आणि आज त्याचा मोठा भाग वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे.

खरं-खोटं

रोमानोव्ह घराण्याला तीनशे वर्षं झाली म्हणून १९१३ मध्ये निघालेला रुबल सगळ्यांना हवा असतो. एकाच बाजूवर पुढे निकोलस आणि त्याच्या पाठीमागे घराण्याचा पहिला झार मिखाइल, डोक्यावर फरची कड असलेली टोपी. तो दुर्मिळ आहे असं सांगून विकतात. तो दुर्मिळ नाही, त्याची सुमारे पंधरा लाख नाणी निघाली. खरा दुर्मिळ आहे तो त्याच वर्षीचा साधा, फक्त निकोलसचा चेहरा असलेला रुबल. संग्राहक या स्मारक रुबलचे दोन प्रकार मानतात, चपट्या छापेचा आणि उठावदार छापेचा. चपटा प्रकार पाहून तो झिजला आहे किंवा खोटा आहे असं घाईने ठरवू नका.

माझ्याकडे आलेला पहिला रुबल खोटा होता. एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेला, दिसायला सुरेख, साल १९०४. घरी आणून तोलला तर १७ ग्रॅम. झिजून तीन ग्रॅम कमी व्हायचे असते तर चेहरा ओळखूच आला नसता. तेव्हापासून मी एकच चाचणी सगळ्यांना शिकवतो. ती आर्किमिडीजची आहे आणि स्वयंपाकघरात करता येते.

काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुबलला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच नाण्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. आता नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा. ९०० कसाच्या रुबलची घनता १०.३ च्या आसपास येते, म्हणजे २० ग्रॅमचं नाणं पाण्यात १.९४ दाखवतं. निम्म्या चांदीची चिल्लर ९.६ ते ९.७ देते. तांब्या-निकेलची किंवा पितळेवर मुलामा दिलेली नक्कल नऊच्याही खाली राहते. शिसं भरून वजन जुळवलं असेल तर आकडा दुसरीकडे पळतो. लहान नाण्यांवर थोडी चूक फार मोठी दिसते, म्हणून पाच कोपेकवर ही चाचणी करत बसू नका.

चांदीच्या वजनाची हुबेहूब नक्कलही होते, मग काटा काही सांगणार नाही. तेव्हा भिंगाने कड वाचायची. खऱ्या नाण्यावर कडेची अक्षरं कोरीव आणि स्वच्छ असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर ती सुजल्यासारखी दिसतात, पृष्ठभाग साबणासारखा मऊ वाटतो, कुठे बुडबुड्यांचे खड्डे असतात, कुठे कडेवर दोन साच्यांमधला सांधा कानशीने घासलेला. लोहचुंबकाला चांदी चिकटत नाही, पण पितळही चिकटत नाही, म्हणून त्या परीक्षेवर विसंबू नका. वाजवून बघण्याची जुनी रीत आपल्याला ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग देऊन गेली हे खरं, तरी चांगल्या नाण्याला उगाच टाकून कडेवर ठोका पाडू नका.

सालाचा विचारही करा. १८९६ ते १८९९ मधले रुबल कोट्यवधी पडले. १९०३ ते १९०६ चे फार थोडे. नकला करणारे अर्थातच दुसरा गट निवडतात. नवशिक्याने संग्रहाची सुरुवात १८९० च्या दशकातल्या साध्या रुबलने आणि वीस कोपेकच्या चिल्लरीने करावी असं माझं मत आहे. स्वस्त, विपुल, आणि हात तयार होतो.

एक विनवणी. घासू नका. आपल्याकडे चांदी म्हटलं की देवाची उपकरणी आठवतात आणि हात चिंचेकडे, राखेकडे, दंतमंजनाकडे जातो. नाण्यावरची काळपट-निळसर झाक म्हणजे चांदीवर गंधकाचा बसलेला पातळ थर. तो नाण्याचं रक्षण करतो आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं कायमचं उरतं. माती असेल तर उर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवलीच पाहिजे.

कायद्याचंही भान हवं. रशियात शिकायला गेलेली आपली मुलं आठवण म्हणून जुनं नाणं विकत घेतात. तिथून शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. भारतातही १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षं जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१३ चा रुबल परदेशातल्या भावाला टपालाने धाडण्याआधी हे लक्षात घ्या.

साम्राज्यानंतरची कड

१९१७ मध्ये झार गेला. १९२१-२२ सालचे नव्या सत्तेचे चांदीचे रुबल आले, तेव्हा गरुडाच्या जागी विळा-हातोडा होता. पण नाणं २० ग्रॅमचं, कस ९०० चा, आणि कडेवर तीच ओळ: शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या. त्यापुढे कधी ‘अ. ग.’ ही आद्याक्षरं. इथे भले भले चुकतात आणि झारच्या ग्रासगोफचं नाव घेतात. हा ‘अ. ग.’ वेगळा माणूस, आर्तुर हार्टमान. रशियन लिपीत ‘ह’ नाही, म्हणून परक्या नावांतला ‘ह’ ते ‘ग’ने लिहितात. १९२४ च्या रुबलवर एक कामगार शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उगवता सूर्य दाखवतो. ते नाणं उभं धरून फिरवलं तर कडेवर एकाच ओळीत दोन भाषा दिसतात: आधी ‘शुद्ध चांदी १८ ग्रॅम’ आणि लगेच कंसात, जुन्या सराफांना समजावं म्हणून, ‘४ झो. २१ दो.’